चोक दोन असतात!

या सदरात आजवर रेशन कार्डापासून जात पडताळणीच्या दाखल्यापर्यंत बरेच विषय येऊन गेले. या खेपेला मोटारीच्या चोकवर लिहिणार आहोत, असे घरी सांगितले तेव्हा पहिला आक्षेप स्वयंपाकघरातून आला. "सायकलचं पंक्चर काढता येत नाही, आणि मोटारीवर काय लिहिणार?" आक्षेप रास्त आहे. आम्ही बी. कॉम. झालेला कारकून माणूस. आमचा संबंध फायलीशी, फार तर फाइलच्या दोऱ्याशी. पण गेल्या हिवाळ्यात या चोकने आम्हाला असा काही धडा दिला की तो वाचकांपासून लपवून ठेवणे बरे वाटत नाही.

आमच्या भवानी पेठेत एक मुलगा आहे. वय चोवीस. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेला, तुळजापूर वेशीकडच्या एका गॅरेजात कामाला. आई विड्या वळते. या मुलाने आणि त्याच्या तीन मित्रांनी पैसे काढून १९९७ सालची एक मारुती ८०० भंगाराच्या भावात घेतली. कार्बुरेटरवाली, डॅशबोर्डवर चोकची खुंटी असलेली. पुण्याच्या बाजूला मातीच्या ट्रॅकवर हौशी लोकांच्या शर्यती होतात, त्यातल्या जुन्या गाड्यांच्या गटात उतरायचे असे त्यांनी ठरवले. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हते. "मोटारी पळवणं ही पैसेवाल्यांची थेरं. आपण मोटारी दुरुस्त कराव्यात." प्रवेश फी मात्र आईने दिली. विडीच्या मजुरीतून साठवलेली, मोजून दिलेली. म्हणूनच तो मुलगा नियमांचे बाड घेऊन आमच्याकडे आला. फी गेली तर परत मिळणार नव्हती.

"काका, इंग्रजी आहे. तुम्ही वाचून सांगा. नियमात बसलं नाही म्हणून गाडी परत धाडली तर आईला काय सांगू?"

कागद वाचणे हा आमचा धंदाच. चष्मा लावला आणि बसलो. इंजिनाच्या प्रकरणात दोन वाक्ये पुढेमागे सापडली. एकात म्हटले होते, चोक काढून टाकला तरी चालेल. चार ओळींनंतर म्हटले होते, चोकचा व्यास मूळ मापाचाच राहील. आम्ही दोनदा वाचले, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचले. जी वस्तू काढून टाकायची परवानगी आहे तिचा व्यास मूळ मापाचा ठेवायचा कसा? आम्हाला मनातून आनंदच झाला. बाड लिहिणाऱ्याची चूक सापडली की कारकुनाला जो आनंद होतो तो इतरांना कळायचा नाही! आम्ही तिथल्या तिथे आयोजकांना अर्ज लिहून दिला. 'उपरोक्त विषयान्वये, नियम परस्परविरोधी असल्याने खुलासा व्हावा.' पोच घ्यायला विसरू नकोस, हेही बजावले.

मुलगा अर्ज घेऊन गॅरेजात गेला आणि अर्ध्या तासात उस्तादांना घेऊन परत आला. उस्ताद साठीच्या पुढचे. शाळा चौथीपर्यंत. चहा घेता घेता त्यांनी अर्ज ऐकला, आणि हसून म्हणाले, "अर्ज चांगला लिवलाय ओ साहेब. पण चोक दोन असतात की!"

इथून पुढचे सगळे ज्ञान उस्तादांचे. मांडणी तेवढी आमची.

पेट्रोल पातळ रूपात जळत नाही. त्याची वाफ हवेत मिसळावी लागते. गरम इंजिनात साधारण पावणेपंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल, हे वजनाचे प्रमाण बरोबर बसते. सकाळी इंजिन गार असले की पेट्रोल वाफ न होता नळीच्या भिंतींना चिकटून राहते आणि सिलिंडरपर्यंत पोचते ते अपुरे. मग उपाय काय, तर हवा कमी करायची. कार्बुरेटरच्या तोंडाशी एक गोल पत्ती असते, मधोमध आडव्या दांडीवर बसवलेली. चोकची खुंटी ओढली की पत्ती आडवी होऊन तोंड बंद करते. वरून हवा मिळेना म्हणून इंजिनाची ओढ जेटमधून जास्त पेट्रोल खेचते, आणि गाडी सुरू होते. इंग्रजीत चोक म्हणजे गळा आवळणे. शब्द अगदी नेमका आहे. हा पहिला चोक.

दुसरा चोक त्याच्या खाली. कार्बुरेटरची नळी मध्येच अरुंद होत जाते आणि पुन्हा रुंद होते. त्या चिंचोळ्या गळ्यातून हवा जाताना तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि त्या कमी दाबामुळे पेट्रोल जेटमधून वर येते. पुस्तकात याला व्हेंच्युरी म्हणतात, जुने मेकॅनिक चोक ट्यूब म्हणतात, आणि बोलता बोलता नुसताच 'चोक'. हा काढता येत नाही. हा नसला तर कार्बुरेटरच नाही. शिवाय इंजिनाला जास्तीत जास्त किती हवा मिळणार, म्हणजे ताकद किती निघणार, याला मोठा लगाम याच गळ्याचा.

म्हणजे नियमात चूक नव्हती. सकाळी लागणारी पत्ती काढा, हरकत नाही. गळ्याला हात लावू नका. एवढेच ते म्हणत होते. चूक वाचणाऱ्याची होती. अर्ज आम्ही फाडला.

उस्ताद मग जुन्या आठवणींत रमले. सगळ्या गाड्यांना पत्ती असतेच असे नाही, म्हणाले. एसयू कार्बुरेटरच्या अँबॅसेडरला चोक ओढला की जेटच खाली सरकायचा आणि सुईभोवतीची फट वाढून पेट्रोल जास्त यायचे. सोलेक्सच्या बऱ्याच जुन्या नमुन्यांत पत्तीच्या जागी वेगळा छोटा स्टार्टर असायचा. फियाटची गोष्ट निघाली आणि आमचे कान टवकारले, कारण ती गाडी एका अर्थाने आपल्या गावची. कुर्ल्याच्या ज्या प्रीमियर कंपनीने फियाट आणि पुढे पद्मिनी बनवली, तिचे संस्थापक वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेली तेव्हा वर्तमानपत्रांत रकाने भरून आले. सोलापूरचे नाव आम्हाला तरी त्यात कुठे दिसले नाही. असो. मे महिन्यात फियाटच्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकून गाडी चालवलेले लोक आपल्या पेठेत अजून आहेत. पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी रस्त्यात उभी राहायची. चोकची गरज आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या काही सकाळी, फडक्याची गरज तीन महिने!

आता एक प्रश्न आम्ही विचारला तो वाचकांच्याही मनात आला असेल. असला नियम करायचाच कशाला? गळा मोठा केला तर कोणाचे काय बिघडते?

जगातल्या मोटार शर्यतींचे नियम करणारी एफआयए ही संस्था १९०४ पासून आहे. तिच्या 'परिशिष्ट जे' या नियमावलीत जवळजवळ मूळ रूपातल्या गाड्यांच्या गटासाठी कार्बुरेटरचे एक तत्त्व होते: पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे भाग बदला, पण त्याने आत जाणाऱ्या हवेच्या प्रमाणावर परिणाम होता कामा नये. जेट बदला, गळा नको. हौशी शर्यतींचे नियम बहुधा याच वळणाचे असतात. कारण साधे आहे. जेट ही किरकोळ किमतीची वस्तू, कोणीही आणून बसवेल. हवा मोकळी सोडली की गळा मोठा, मग व्हॉल्व्ह मोठे, मग कॅमशाफ्ट वेगळा, मग इंजिनच नवे. त्या शर्यतीत शेवटी ज्याचे पाकीट जाड तो पुढे. विडी कामगाराच्या मुलाची भंगारातली मारुती पैसेवाल्याच्या मारुतीशेजारी उभी राहू शकते ती त्या चिंचोळ्या गळ्यामुळे. हे आम्ही मुलाच्या वडिलांनाही सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण गाडी बघायला मात्र त्या संध्याकाळी गॅरेजात आले.

त्याच संध्याकाळी फाटा फुटला. चौघांपैकी एक मित्र जरा चलाख. त्याने नियमाचे पहिले वाक्य घोळवायला सुरुवात केली. 'चोक काढून टाकला तरी चालेल' असे लिहिले आहे ना? मग गळ्यालाही चोकच म्हणतात. लेथवर दोन मिलिमीटर घासून घेऊ. कोणी विचारले तर वाक्य दाखवू. आणि विचारतंय कोण?

मुलाने आमच्याकडे पाहिले. खरे सांगायचे तर त्याच्या डोळ्यांत मोह होता, आणि त्याला दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. शब्दांच्या फटीतून फायली सरकवणे आम्ही तीस वर्षांचे नसतानाच शिकलो होतो.

म्हणून आम्ही आधी हिशोब मांडला. ठोकळ आकडे धरू. कार्बुरेटरचे तोंड ३२ मिलिमीटर, गळा २४. गोलाचे क्षेत्रफळ काढले तर तोंड सुमारे ८०४ चौरस मिलिमीटर, गळा सुमारे ४५२. गळा २६ केला तर ५३१. म्हणजे दोन मिलिमीटरमध्ये हवेची वाट सतरा टक्क्यांहून अधिक वाढली! म्हणूनच तपासनीस गळ्यात मापाचा गोल दांडा घालून बघतात. मूळ मापाचा दांडा बसला पाहिजे, त्याहून मोठा बसता कामा नये. तिथे वाक्य दाखवून भागत नाही. आणि एवढा फरक करायचा तर तो 'चोक काढणे' नव्हे हे त्या मित्रालाही ठाऊक होते.

पळवाट आणि फसवणूक यांत फरक आहे काय? आहे, आणि त्याची दोन उदाहरणे मोटारीच्या जगातलीच आहेत. दोन्ही हवेच्या वाटेबद्दलची.

इंग्लंडमध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हन गाड्यांवर कमी पैशात शर्यती करणारा हौशी लोकांचा '७५० मोटर क्लब' आहे, १९३९ सालचा. त्यात कॉलिन चॅपमन नावाचा तरुण होता. पहिली गाडी त्याने होणाऱ्या सासऱ्याच्या घरामागच्या गॅरेजात बांधली. ऑस्टिनच्या इंजिनात सिलिंडर चार, पण हवा-पेट्रोल आत जायच्या वाटा दोनच. दोन-दोन सिलिंडर एका वाटेवर भांडत. चॅपमनने १९५१ साली वाटेच्या मधोमध पडदा घालून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट करून दिली. नियमात याला कुठे मनाई नव्हती. त्याची गाडी इतकी पुढे निघाली की नंतर नियम बदलून ती युक्ती बंद करावी लागली. त्याला कोणी लबाड म्हटले नाही. पुढे त्याची लोटस कंपनी जगभर गाजली.

दुसरे उदाहरण १९९५ चे. जागतिक रॅली स्पर्धेत टर्बो इंजिनांना हवेच्या तोंडाशी ३४ मिलिमीटरचे कडे बसवणे सक्तीचे होते. आपल्या भाषेत तोही चोकच. टोयोटाच्या संघाने ते कडे असे बसवले होते की गाडीवर चढवल्यावर ते जागेवरून सरके आणि बाजूने जास्तीची हवा आत जाई. तपासणीसाठी सोडवले की पुन्हा निमूटपणे मूळ जागी. कारागिरी थक्क करणारी! स्पेनमधल्या कॅटालुन्या रॅलीच्या वेळी ते उघडकीला आले. संघाचे त्या वर्षीचे सर्व गुण गेले आणि बारा महिन्यांची बंदी आली.

चॅपमनने जे केले ते तो उघड दाखवू शकत होता. टोयोटाला ते लपवावे लागले. आम्ही त्या चलाख मित्राला एवढेच विचारले, "लेथवर घासलेला गळा तू तपासनिसाला आपणहून दाखवशील का?" तो म्हणाला, "काका, तुम्ही फारच सरळ आहात." पण लेथचा विषय तिथे संपला. उस्तादांनी त्याला दुसरे काम दिले. जेट साफ करायचे. आणि स्टोव्हची पिन वापरू नकोस म्हणून दटावले. घरोघरी स्टोव्ह होते तेव्हा निपलमध्ये पिन घालायची सवय सगळ्यांना लागली, पण कार्बुरेटरच्या जेटचे भोक पिनेने मोठे होते आणि माप बिघडते. हवेच्या फुंकरीने काढायचा कचरा.

आता पत्ती. ती काढायची हे ठरले, कारण ती उघडी असली तरी दांडीसह हवेच्या वाटेत उभी असते. शिवाय तिचे दोन बारीक स्क्रू हा खरा धोका. कारखान्यातून ते मागून ठोकून पक्के केलेले असतात. कोणी उघडून पुन्हा नुसतेच पिळले, तर हादऱ्याने सुटून सरळ इंजिनात पडतात, आणि मग पिस्टन-व्हॉल्व्हचा खर्च गाडीच्या किमतीएवढा. चोकला जोडलेली एक कडी अ‍ॅक्सिलरेटरही थोडा उघडा धरते. तार काढली आणि कडी तशीच लोंबत राहिली तर अ‍ॅक्सिलरेटर अडकायचा धोका. ती कडीही काढली आणि परतीच्या स्प्रिंगला जोडीला आणखी एक स्प्रिंग लावली. असे बारीकसारीक काम चार संध्याकाळी चालले.

पत्ती आणि दांडी, दोन्ही निघाली. दांडीच्या जागी बाजूला दोन भोके राहिली. मातीचा ट्रॅक, त्यातून धूळ थेट इंजिनात. मुलाने भोके पितळी मेखांनी छान बुजवली. आम्हाला वाटले, झाले काम. पण नियमांचे बाड आता आमच्या अंगात भिनले होते. शेवटच्या पानावर एक ओळ होती: ज्या बदलाला स्पष्ट परवानगी दिलेली नाही तो निषिद्ध समजावा. परिशिष्ट जे चेही तत्त्व हेच. नागरिकाला कायद्याने मनाई नसेल ते करायची मुभा असते. सरकारी खर्चाचे उलटे. अंदाजपत्रकात शीर्ष नसेल तर चार आण्यांची टाचणीही घेता येत नाही. शर्यतीची गाडी ही सरकारी खर्चासारखी आहे. चोक काढायला परवानगी होती, पण भोके बुजवायला परवानगी कुठे लिहिली होती?

मुलाचा चेहरा उतरला. मेखा काढाव्यात तर धूळ, ठेवाव्यात तर आक्षेप. निघायला दोन दिवस. उस्तादांनी विडी पेटवली, अर्धी ओढली आणि म्हणाले, "दांडी परत घाल. पत्ती नको. दांडीच बूच."

इतका सोपा उपाय! मूळची दांडी मूळच्या भोकांत. नवीन काहीच जोडलेले नाही. काढायला परवानगी आहे त्यातले थोडे कमी काढले, एवढेच. पण मुलाला ती दांडी हवेच्या वाटेत खुपू लागली. म्हणून आम्ही पुन्हा पाटी घेतली. दांडी सहा मिलिमीटर जाड धरली, तर बत्तीस मिलिमीटरच्या तोंडात ती सुमारे १९२ चौरस मिलिमीटर जागा अडवते. आठशे चारमधून वजा केले तर उरले ६१२. गळा किती? ४५२. म्हणजे दांडी असूनही तोंड गळ्यापेक्षा मोठेच. हवा अडते ती खाली गळ्यातच. दांडीने थोडा भोवरा होईल, थोडा तोटा होईल, पण शर्यत त्यात जाणार नाही. मुलाने आकडेमोड स्वतः एकदा करून पाहिली. आम्हाला त्याचे बरे वाटले.

तपासणी दहा मिनिटांत झाली. दांडा घातला, बसला. मोठा घातला, बसला नाही. दांडीवर पत्ती नाही हे पाहून तपासनिसाने बाड उघडले, ते वाक्य वाचले, आणि सही केली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, जानेवारीच्या त्या थंडीत, गाडी सुरू होईना. अ‍ॅक्सिलरेटर तीनदा दाबून पाहिला, ढकलून पाहिले. सोलापूरच्या हवेत चोकवाचून भागत होते, हे गाव वेगळे होते. इतर गाड्या धूर सोडत रांगेला लागल्या होत्या. मुलाच्या आईचा फोन आला तो त्याने उचललाच नाही. तेव्हा उस्तादांनी एअर फिल्टर काढला, जुने फडके ओले करून तळव्यावर घेतले, आणि कार्बुरेटरच्या तोंडावर हात दाबून धरला. "मार सेल्फ." हवेची वाट बंद झाली, पेट्रोल ओढले गेले, आणि गाडीने खाकरून दम घेतला. (हा प्रयोग वाचकांनी करू नये. कार्बुरेटर उलटा भडकला तर हात भाजतो. उस्तादांच्या हातावर त्याच्या जुन्या खुणा आहेत.) तपासनीस लांबून बघत होता. हाताबद्दल नियमात काही लिहिलेले नव्हते.

आपल्या गटात अकरा गाड्यांत आमची चौथी आली. बक्षीस तिघांनाच. आईने विचारले, किती मिळाले? मुलाने प्रमाणपत्राचा कागद पुढे केला, तो तिने विडीच्या पानांच्या सुपाखाली सपाट करायला ठेवला. महिनाभरात जुन्या मारुतीचा कार्बुरेटर लावून द्या म्हणून दोन गिऱ्हाइके त्या मुलाचे नाव विचारत गॅरेजात आली.

ती पत्ती आणि तिचे दोन स्क्रू उस्तादांनी काडेपेटीत घालून फळीवर ठेवले आहेत. पुढल्या थंडीत गाडी रोजच्या कामाला काढली तर लागतील, म्हणाले. स्क्रू मात्र नवे आणायचे, हेही सांगून ठेवले आहे.